चष्म्याशिवाय अठ्ठावीस

शाळेत बुद्धी मोजायला माणूस येणार हे कळले, तेव्हा पहिले दोन दिवस सगळे शिक्षक जपून बोलत होते. न जाणो, जाता जाता आपलीही मोजायचा. माणूस आला तो उंच, सरळसोट, खिशाला तीन पेने लावलेला आणि बोलणार ते आकड्यांतच. स्टाफरूमने त्याचे नाव मोजपट्टी ठेवले, ते इतके चपखल बसले की खरे नाव कुणाच्या लक्षातच राहिले नाही. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला, मात्र तो आभाळातून उतरल्यासारखा वाटला. शेजारच्या शाळेने असल्याच चाचण्या घेऊन माहितीपत्रकात रंगीत आलेख छापले होते आणि तेव्हापासून मोठ्या बाईंच्या जिवाला चैन नव्हते.

चाचणी दिसायला देखणी होती. खिडक्यांचे पडदे ओढलेल्या हॉलमध्ये समोरच्या पांढऱ्या पडद्यावर तीस आकृत्या एकामागून एक यायच्या. प्रत्येक आकृतीत एक जागा रिकामी, खाली अ, ब, क, ड असे चार तुकडे. योग्य तुकड्याचे अक्षर कागदावर लिहायचे. बोलायचे नाही, उठायचे नाही, हजेरी क्रमांकाच्या बाकावरून हलायचे नाही. दहाच्या आत गुण पडले की जिन्यामागच्या खोलीत रवानगी, तिथे 'पायाभूत वर्ग'. हे नाव फक्त कागदावर. पोरे त्याला ढ वर्ग म्हणत, आणि तिथे गेलेल्याशी मधल्या सुट्टीत कुणी खेळत नसे.

चौथीच्या वर्गशिक्षिका होत्या लवंगीबाई. हे नावही स्टाफरूमचेच, बाईंच्या जिभेकडे पाहून ठेवलेले. त्यांच्या वर्गातली सहा मुले जिन्यामागे गेली. सातवी जायची ती शेवटच्या बाकावरची मुलगी. तिला पाच गुण पडले होते. बाईंना हे काही केल्या पटेना. तोंडी गणितात ही पोर बाईंचे वाक्य संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायची. बाईंनी मोजपट्टीला तसे सांगितले, तर तो म्हणाला की वर्गशिक्षकांचे मत व्यक्तिनिष्ठ असते. हा शब्द त्याने अशा सुरात उच्चारला, जणू बाईंना खरूज झाली आहे. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दार अडवल्यासारखे करून मुलीला निदान दुसऱ्या चाचणीपर्यंत वर्गात ठेवून घेतले.

दुसरी चाचणी म्हणजे पहिलीच, पुन्हा. त्याच आकृत्या, तोच क्रम, तीच मुले. दोन्ही वेळचे गुण जुळले की चाचणी विश्वसनीय ठरते, असे मोजपट्टीने शिक्षकांच्या सभेत समजावून सांगितले. बाईंनी विचारले, जुळले म्हणजे बरोबर कशावरून? त्यांच्या सासऱ्यांचे घड्याळ रोज दहा मिनिटे मागे असते, न चुकता, म्हणून त्यावर भरवसा ठेवायचा की काय? सभेत खसखस पिकली. मोजपट्टी हसला नाही. जे मोजायचे तेच मोजले जाते आहे का, त्याला सप्रमाणता म्हणतात, आणि तो विषय पुढच्या टप्प्यात येतो, असे त्याने सांगितले. पुढचा टप्पा कधी, ते काही त्याने सांगितले नाही. म्हणजे पोरांना जिन्यामागे आत्ताच ढकलायचे आणि कशासाठी ढकलले ते सवडीने बघायचे.

याच दरम्यान त्या मुलीचा मामा घरी आला होता. भाची टीव्हीला नाक लावून बसते हे पाहून त्याने तिला उचलले आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. घरातल्या इतरांना वाटत होते, पोरीला खोडच आहे. सोमवारी ती जाड भिंगांचा चष्मा लावून आली आणि शाळा सुटेपर्यंत वर्गाने तिचे नाव ढापणी ठेवलेही. तिला त्याचे काही वाटले नाही. ती खिडकीतून समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होती आणि लवंगीबाईंनी त्या दिवशी तिला गप्प केले नाही.

दुसऱ्या चाचणीत बाकी सगळ्यांचे गुण थोड्याफार फरकाने तेच आले. ढापणीला मात्र तीसपैकी अठ्ठावीस.

शहाण्या माणसाने पोरीची पाठ थोपटली असती. मोजपट्टीचा चेहरा मात्र घरात चोरी झाल्यासारखा झाला. एका मुलीने त्याचा सगळा आकडा नासवला होता. मोठ्या बाईंच्या ऑफिसात बसून लवंगीबाईंनी चष्म्याची गोष्ट सांगितली, आणि लगे हात मागणीही केली: जिन्यामागच्या सहाही मुलांचे डोळे आधी तपासा, मग त्यांना ढ म्हणा. मोठ्या बाई मोजपट्टीकडे बघू लागल्या. स्वतःचे मत त्यांनी तो आल्या दिवशीच गहाण टाकले होते.

"प्रश्न अटींचा आहे," मोजपट्टी म्हणाला. "पहिल्या वेळी चष्मा नव्हता, दुसऱ्या वेळी होता. अट मोडली. आपण तिसऱ्यांदा घेऊ, चष्मा काढून. गुण घसरले तर बाईंचं म्हणणं खरं, आपण सगळ्यांचे डोळे तपासू. नाही घसरले, तर चष्म्याचा संबंध नाही हे सिद्ध झालं."

बाई मनातून हरखल्या. त्या मुलीला शेवटच्या बाकावरून चष्म्याशिवाय पडदाच धड दिसला नसता, मग तुकडे कसले दिसतात. या वेळी मोजपट्टी आपल्याच तोंडाने हरणार होता. त्यांनी लगेच होकार दिला. मुलीला कुणी काही विचारले नाही, कशासाठी ते सांगितलेही नाही. हॉलच्या दारात मोठ्या बाईंनी तिचा चष्मा काढून घेतला आणि गालावर टिचकी मारून म्हणाल्या, नीट लिही हं, नाहीतर जिन्यामागे जावं लागेल. लवंगीबाई तेव्हा आत पडदे ओढत होत्या.

मुलीने डोळे बारीक करून पडद्याकडे एकदाच पाहिले. मग कागद नाकाशी धरून ती भराभर लिहीत सुटली.

गुण आले अठ्ठावीस.

मोजपट्टीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्याचे डोळे भरून यायचे तेवढे बाकी राहिले. "चुकासुद्धा त्याच दोन आहेत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "इतकी विश्वसनीयता मी आजवर पाहिली नाही." पहिल्या वेळचे पाच गुण म्हणजे त्या दिवशी मुलीची तब्येत बरी नसणार, असा निकाल त्याने जागच्या जागी दिला. मोठ्या बाईंनी माहितीपत्रकवाल्याला फोन लावला. आलेखावर या मुलीचा ठिपका लाल रंगात दाखवायचे ठरले. डोळे तपासायचा विषय अर्थातच निकालात निघाला. शास्त्रानेच सांगितले होते की चष्म्याचा काही संबंध नाही.

लवंगीबाई टेबलावरचा चष्मा उचलून बाहेर आल्या. व्हरांड्यात ढापणी चष्म्याची वाट बघत उभी होती. बाईंनी तो तिच्या हातात दिला आणि विचारले, तुला आज पडद्यावर काय दिसलं?

"काही नाही. नुसता उजेड," ती म्हणाली. "पण मागच्या वेळी सगळं नीट बघितलं होतं ना, ते पाठ होतं. अ, क, क, ड, ब..." बोटे मोजत तिने पहिली दहा अक्षरे म्हणून दाखवली. मग तिचा आवाज बारीक झाला. "मला जिन्यामागे नाही ना पाठवणार, बाई?"

नाही, म्हणून बाई तशाच मागे वळल्या. त्यांना एकाच वेळी हसू येत होते आणि मोजपट्टीची तिन्ही पेने मोडावीशी वाटत होती. ऑफिसात जाऊन त्यांनी सांगितले, पोरीला काहीही दिसत नव्हतं, तिनं पाठ केलेलं उतरवलं. आता तरी त्या सहा मुलांचे डोळे तपासा.

मोठ्या बाई घाबरून मोजपट्टीकडे बघू लागल्या. मोजपट्टी मुळीच डगमगला नाही.

"स्मरणशक्ती हासुद्धा बुद्धीचाच भाग आहे," तो म्हणाला. "आकडा आला तो आला."

"मग पहिल्या दिवशी तुम्ही काय मोजलंत, बुद्धी की बाकापासून पडद्यापर्यंतचं अंतर?"

तो पुढच्या टप्प्याचा विषय आहे, असे म्हणून मोजपट्टीने कागद आवरायला घेतले. मोठ्या बाईंनी लवंगीबाईंना समजुतीच्या सुरात सांगितले, की तुमच्याच वर्गातली मुलगी पहिली आली आहे, तुम्हाला तर आनंद व्हायला हवा. या बाईशी डोके फोडून उपयोग नव्हता. आकडा म्हणाला असता की शाळेला छप्पर नाही, तर त्यांनी ऑफिसात छत्री उघडली असती.

व्हरांड्यात येऊन बाईंनी ढापणीकडे तिचा चष्मा थोडा वेळ मागितला. तिने तो द्यायला जरा वेळ लावला. मग काढून दिला आणि म्हणाली, "फोडू नका हं, मामा रागावेल." ती बाईंचा पदर धरून जिन्यामागच्या खोलीपर्यंत आली.

तिथल्या शिक्षिका चहाला गेल्या होत्या. आपली सहा मुले बाईंनी एका रांगेत उभी केली आणि एकेकाच्या नाकावर चष्मा चढवू लागल्या. आपण काय करतो आहोत हे कुणी पाहिले तर आपल्याला वेड्यात काढतील, हे त्यांना कळत होते. दुसऱ्याचा चष्मा, दुसऱ्याचा नंबर. डॉक्टरने पाहिले असते तर त्यानेही झापले असते. पहिल्याने लगेच काढून परत दिला, डोळे गरगरतात म्हणाला. दुसरी आणि तिसरी नुसत्या खिदळल्या. चौथ्याने आरसा मागितला. पाचवीला काही फरक वाटला नाही.

सहावा होता तो वर्गात कायम शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा पोरगा. त्यासाठी बाईंकडून त्याने बोलणी खाल्ली होती. त्याच्या निकालावर मोजपट्टीने 'लक्ष एकाग्र होत नाही' असे लिहिले होते, आणि ते वाचून त्या वेळी बाईंनी मान डोलावली होती. चष्मा त्याच्या नाकावरून घसरत होता, म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी धरला. मग तो फळ्याकडे बघतच राहिला. फळ्यावर एक बेरीज होती आणि वर कोपऱ्यात तारीख. त्याने आधी तारीख वाचली, मग बेरीज वाचली, आणि उत्तरही सांगून टाकले. उत्तर बरोबर होते.

बाईंना वाटले, आता हा हसेल. तो हसला नाही. चष्मा तसाच धरून त्याने बाईंकडे पाहिले.

"बाई, तुमच्या फळ्यावरपण एवढं सगळं लिहिलेलं असायचं?"