घोडाछाप कॅप्सूल आणि जिभेखालची गोळी

बाटलीवर उधळलेला घोडा.

तिळाचे लाडू, ऐंशी.

छातीत एक स्टेंट, दोन वर्षांचा.

वाण लुटायला चहाच्या गाळण्या.

'शंभर टक्के वनस्पतीजन्य. दुष्परिणाम शून्य.'

अत्तराची नवी कुपी, अजून सीलबंद.

बोरीवलीच्या अठ्ठावन्न वर्षांच्या विद्याधरचा बेत साधा होता. वसुधाचं हळदीकुंकू सातला आटपणार. मुलगा बंगळुरात, म्हणजे मग घरात दोघंच. कॅप्सूल साडेपाचला. "साहेब, पोटात गेली की तासाभरात बघा, झकास!" असं दुकानदार म्हणाला होता. स्टेंट बसवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी ज्याच्या खिशात असते, त्याने 'ती' निळी गोळी घ्यायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब कोसळतो. विद्याधरने नियम पाळला होता. ही निळी नव्हती. हिरवी होती.

साडेसहाला कान तापले, नाक चोंदलं. झाडपाला इतका तडफदार असतो? असेल बुवा.

सात वाजले. बायका हलायचं नाव घेईनात. उलट गाळण्या कमी पडल्या आणि माळ्यावरचं दुसरं खोकं काढायला वसुधाची हाक आली. खोकं खाली आलं, पण त्याचं वजन छातीवरच राहिलं. विद्याधर घामाने थबथबून दारातच खाली बसला.

"अहो!" वसुधाने त्याच्या खिशातली गोळी काढली. "जीभ वर करा."

त्याने दात आवळले.

वरच्या मजल्यावरची चेतना नर्स होती. तिने पुढे होऊन नाडी धरली. "काका, आज दुसरं काही घेतलंय का?"

"नाही."

"मग तोंड उघडा ना."

उघडेना. समोर काळ्या साड्यांतल्या बावीस बायका. माणूस गेला तर सोसायटीच्या ग्रुपवर नीट शब्दांत टाकता येतं, फोटोला हार घालता येतो. घोड्याला कसला हार घालणार? पण वसुधाची कुंकवाने माखलेली बोटं त्याच्या ओठांशी गोळी धरूनच होती.

"घेतलीय," तो म्हणाला. "हर्बल."

"कसली?"

"शक्तीची."

कुणाच्या तरी दाताखाली लाडू कडकन फुटला.

चेतनाने वसुधाच्या हातातली गोळी काढून घेतली. "ही आता अजिबात नाही. असल्या हर्बलमध्ये निळीचंच औषध मिसळलेलं सापडतं, बाटलीवर लिहीत नाहीत एवढंच. ॲम्ब्युलन्स बोलवा कुणीतरी! आणि काका, हॉस्पिटलात आधी हेच सांगायचं. मोठ्याने."

"बाटलीवर घोडा आहे का हो?" कोपऱ्यातून रुचिराने विचारलं.

"आहे."

"अगं बाई! आमच्या यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत गं!"

रुचिराने पर्समधून फोन काढला. पाठोपाठ आणखी चार पर्सा उघडल्या.

ॲम्ब्युलन्समध्ये वसुधा बाटली मुठीत धरून बसली होती. "मला विचारायचं होतंत."

"काय विचारणार?"

"काहीही."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा विद्याधरने सांगितलं. मोठ्याने. शेजारच्या खाटेवरचा पेशंटही उठून बसला. चौथ्या दिवशी विद्याधर घरी आला.

हळदीकुंकवाच्या आधीच्या रविवारी वसुधाने त्याला विचारलं होतं, की आपण दोघंच चार दिवस अलिबागला जाऊ या का. तो "बघू" म्हणाला होता.