लेखकाचा उजवा कान

मी एक जुनं श्रवणयंत्र आहे, मित्रांनो. शेंगदाण्याएवढा माझा जीव. कारखान्यात भिंगाखाली माझी जोडणी झाली. मग कानाच्या डॉक्टरीणबाईंनी साचा घेऊन मला मापाचं टोपण बसवलं. तेव्हापासून मी एका कथालेखकाच्या उजव्या कानात राहतो. आवाज मोठा करायचा, एवढंच माझं काम. आनंद-दुःख मला कळत नाही, निदान मी तसं मानतो.

माझे मालक संवादांसाठी नावाजलेले. त्यांच्या कथांतली माणसं अगदी खरी बोलतात, असं लोक म्हणत. पुढे ऐकू येईनासं झालं, तरी ते कबूल करेनात. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याचं घर सोडून त्यांच्याकडे राहायला आलेल्या मुलीने शेवटी हट्टाने मला आणलं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. रोज मऊ ब्रशने सफाई, वेळेवर नवी बॅटरी. नळाचं ठिबकणं ऐकूनसुद्धा ते खूश व्हायचे.

मग एका मासिकाने त्यांच्याकडे लेख मागितला. कथालेखक म्हणून तुमची जमेची बाजू कोणती आणि कच्ची कोणती, असा विषय होता. त्यांनी तो एका बैठकीत लिहिला आणि दुपारी मुलीला वाचून दाखवला. ती मटार सोलत होती.

"निसर्गवर्णन ही माझी कच्ची बाजू," ते वाचत होते. "पण कान तिखट. माणूस काय बोलतो, ते मी कधी सोडत नाही." मग मान वर करून म्हणाले, "कसं वाटतंय?"

"चांगलं आहे." थोड्या वेळाने, सोलता सोलताच ती म्हणाली, "बाबा, मी घर सोडून आले त्या दिवशी तुम्हाला सगळं सांगत होते. तुम्ही मध्येच थांबवलंत. 'हे वाक्य पुन्हा म्हण' म्हणालात. मी म्हटलं. तुम्ही लिहून घेतलंत आणि आत गेलात."

"त्या कथेला बक्षीस मिळालं होतं."

"हो ना."

मी तिचा प्रत्येक शब्द नीट पोचवला. तिचा आवाज चढला नव्हता की कापला नव्हता, त्यामुळे काम सोपं होतं. त्यांनी लेख बाजूला ठेवला आणि विचारलं, "त्याच्यापुढे काय सांगणार होतीस?"

"आता नाही आठवत," ती म्हणाली, आणि सालं गोळा करून आत गेली.

लेख होता तसाच छापून आला. वाचकांनी फोन करून तिखट कानाचं कौतुक केलं. ते मीच त्यांना ऐकवलं. ते प्रत्येकाला "हो, हो" म्हणाले. त्यानंतर त्यांनी कथा लिहिली नाही.

हल्ली दुपारी ते मला कानात घालून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात. हातात कागद नसतो. मुलगी विचारते, "चहा ठेवू?" ते म्हणतात, "ठेव." ती वाईट वागत नाही, औषधंही वेळेवर देते. फक्त सांगायची तिची सवय मोडली आहे. मग ते मला डबीत ठेवून देतात. सफाईचं आता कोणाच्या लक्षात राहत नाही.

मित्रांनो, माझी काळजी घेणं सोपं आहे. पाण्यापासून जपा, मळ साठू देऊ नका. पण घरात कोणी काही सांगत असेल, तर हातातलं खाली ठेवा आणि त्याचं संपेपर्यंत ऐका. कान गेला तर माझ्यासारखं यंत्र मिळतं. सांगणारं माणूस गप्प झालं, की मी नुसता पंख्याचा आवाज मोठा करून देतो.