दुसऱ्या नंबरची कॅप

देवमन मिस्त्रीने दुसऱ्या नंबरचा कनेक्टिंग रॉड घासलेटात बुडवून काढला आणि फडक्याने पुसायला घेतला. बाकीचे तीन टेबलावर पडले होते. जुनं इंजिन उघडावं तर देवमननेच, असं वरूडात सगळे म्हणत. सर्वांत मोठ्याने तो स्वतःच म्हणे.

"चारही नवे टाकू ना, मिस्त्री," खुशालराव म्हणाला. वडिलांचा ट्रॅक्टर गोठ्यामागे एकोणतीस वर्षं बंद पडून होता. तो त्याला पोळ्याआधी चालता हवा होता.

"बेरिंग नवे टाकू. रॉड हेच. असं लोखंड आता भेटते काय? तुमी संत्र्याचं पाहा, इंजिनाचं माह्यावर सोडा."

बोलता बोलता त्याचा हात थांबला. रॉडवर पंचने ठोकलेले दोन ठिपके होते आणि त्याच्या खाली बोल्टने आवळायच्या अर्धगोल कॅपवर तीन. प्रत्येक रॉडची कॅप त्याच्याच जोडीची असते. अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही, बेरिंग जळतं. म्हणून तर खोलताना दोन्हींवर सारखे ठिपके मारायचे. हे तिरपे ठिपके त्याच्याच हातचे होते.

एकोणतीस वर्षांपूर्वी हे इंजिन त्यानेच बांधलं होतं. आठवड्यात ते जाम झालं आणि पुन्हा न उघडताच त्याने निकाल देऊन टाकला होता, "ड्रायव्हरनं ऑइल पायलं नसन." ट्रॅक्टर चालवणाऱ्या शालिकरामचं काम गेलं. पुढे कोणी त्याच्या हाती स्टिअरिंग दिलं नाही.

"काय झालं? खराब निंगाले काय?" खुशालरावने विचारलं. "जाऊ द्या भंगारात."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. देवमनला तसा मोह झालाही, अगदी मनापासून.

"भंगारात नाई," तो म्हणाला. "चूक माही होती, भाऊ. शालिकरामची नाई."

रॉड आणि कॅप फडक्यात गुंडाळून तो तसाच काळ्या हातांनी निघाला.

शालिकराम ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. देवमनने फडकं त्याच्यासमोर उलगडलं, ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. शालिकरामने कॅप हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी खालून आवाज येऊन रायला होता. म्या सांगतलं होतं."

"कोनाले?"

"तुमालेच. दुकानात येऊन. तुमी हसले होते."

देवमनला ते हसणं आठवेना. आठवत नाही याचीच त्याला जास्त लाज वाटली. त्याने मेथीची टोपली बाजूला सरकवली आणि शालिकरामशेजारी ओट्यावर बसला.

"आता सांग," तो म्हणाला. "कसा येत होता आवाज?"