सकाळी सव्वासातची ट्रायल

मित्रांनो, जुना म्हणावं इतकं काही माझं वय झालेलं नाही. अकरा वर्षं. पण दमलो आहे, हे खरं. मी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका सोसायटीचा डिझेल जनरेटर आहे. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला हिरव्या पत्र्याची मोठी पेटी दिसते, तिच्यात मी राहतो. वीज गेली की जागा होतो, आली की झोपतो. एवढंच आयुष्य. ते सांगायला बसलो, कारण माझ्याकडून एक गोष्ट बरीच वर्षं होत राहिली आणि मला ती थांबवता आली नाही.

मी ट्रकमधून इथे आलो तेव्हा कुंपणापलीकडे ऊस होता. मला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. तेव्हा माझ्याकडे काम म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे. पुढे ऊस गेला, इमारती आल्या, आणि माझ्याकडे एकेका घरातून वायर येऊ लागली. आधी पंखे, मग फ्रीज, मग एसीसुद्धा. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाते. त्या दिवशी मी इथे धापा टाकायचो आणि वरच्या मजल्यांवरचे लोक पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे लाइट जातच नाही."

दुसऱ्या मजल्यावरच्या शौनकने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. मागे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ही गाडी धूर सोडत नाही'. गुरुवारी तो ती पार्किंगमधल्या प्लगला लावून ठेवायचा. ती खरंच धूर सोडत नव्हती. तिच्या वाटचा मी सोडत होतो.

पण मूळ गोष्ट वेगळी आहे. सात वर्षांपूर्वी एकदा वीज गेली आणि माझी बॅटरी उतरलेली होती. मी सुरूच झालो नाही. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई अडकल्या. चाळीस मिनिटं. त्यांचे यजमान अनंतराव जिन्यावर बंद दारापाशी उभे राहून त्यांना सारखे हाका मारत होते. त्याच वर्षी ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि त्यांनी नियम केला. जनरेटरची रोज सकाळी सव्वासातला दहा मिनिटं ट्रायल. माझ्याबरोबर आलेल्या पुस्तकात 'आठवड्यातून एकदा' असं छापलं होतं. अनंतराव म्हणाले, "पुस्तक लिहिणारे लिफ्टमध्ये अडकलेले नसतात." रविवारी वॉचमनला सुट्टी, तेवढा एक दिवस मला विश्रांती.

माझी सगळ्यांत वाईट वेळ कोणती, माहीत आहे? गार इंजिन सुरू होतं ती. तेव्हाच धूर सर्वांत जास्त येतो. मी तापून जरा नीट चालायला लागतो न लागतो, तोवर मला बंद करायचे.

तीन वर्षांपूर्वी बाहेरचा रस्ता ट्रक आणि टँकरनी भरून गेला. शाळेच्या व्हॅनची वाट बघणारी मुलं रस्त्यावर नकोत, म्हणून सोसायटीने गेटच्या आत त्यांच्यासाठी बाक बसवला. चांगल्या मनानेच बसवला. तो बसवला माझ्या धुराच्या नळीसमोर, कारण सावली तिथे होती.

त्या बाकावर वल्लरी बसायची. पहिलीतली, दोन वेण्या, पाण्याची बाटली गळ्यात. व्हॅन साडेसातला यायची. तिची आई श्रद्धा तिला सव्वासातलाच खाली आणायची, उशीर नको म्हणून. वल्लरीच्या छातीत घरघर व्हायची. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला होता. श्रद्धाने घरातला गालिचा काढला, भुश्शाची अस्वलं माळ्यावर टाकली, उदबत्ती बंद केली, फोडणीच्या वेळी लेकीला गॅलरीत पाठवू लागली. शेजारणी म्हणायच्या, "केळं देत असशील गं." तिने केळं बंद केलं. मग दही. मग पेरू. हे सगळं ती बाकाशेजारी उभी राहून दुसऱ्या आयांना सांगायची आणि मी तिच्या पाठीमागे धूर सोडत असायचो. मित्रांनो, बोलता येत नाही याचं मला एरवी काही वाटलेलं नाही. तेव्हा वाटलं.

श्रद्धा मात्र सोडणाऱ्यातली नव्हती. फ्रीजवरच्या कॅलेंडरवर ती खोकल्याच्या दिवशी लाल ठिपका द्यायची. रविवारी ठिपका नसायचा. तिला वाटलं, शाळेच्या मैदानातली धूळ असेल. मग फेब्रुवारीत सलग आठ दिवस एकही ठिपका आला नाही, आणि शाळा तर रविवार सोडून रोज चालू होती.

ते आठ दिवस वॉचमन हिंमतराव पुतणीच्या लग्नाला यवतमाळला गेले होते. ते परतल्यावर दोनच दिवसांत वल्लरीला पुन्हा खोकला लागला. श्रद्धा कॅलेंडर घेऊनच खाली आली.

"काका, तुम्ही गावाला होतात तेव्हा इथे काय नव्हतं?"

हिंमतरावांनी डोकं खाजवलं. "मी नव्हतो ताई. अन् सकाळी हा बंद असायचा." त्यांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "बाकी सारं होतं."

श्रद्धाने माझ्याकडे पाहिलं. मग नळीकडे, मग बाकाकडे. खाली बाकावर बसली, लेकीच्या उंचीला डोकं आणलं आणि हिंमतरावांना म्हणाली, "चालू करा बरं एकदा." मी सुरू झालो. ती तीन मिनिटं बसली. उठली तेव्हा डोळे पुसत होती. धुराने की कशाने, सांगता येत नाही.

त्या रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली, माझ्यासमोरच. श्रद्धाने कॅलेंडर सगळ्यांना दाखवलं. अनंतरावांनी ते चष्मा वर करून पाहिलं.

"आमच्या लहानपणी चुलीचा धूर होता. आम्ही जिवंत आहोत."

"काका, ट्रायल आठवड्यातून एकदा घ्या, मुलं गेल्यावर. एवढंच म्हणतेय."

"आणि पुन्हा कोणी अडकलं तर? तुम्ही येणार जिन्यावरून हाका मारायला?"

शौनक मोबाइलमध्ये बघू लागला. तेव्हा मागच्या खुर्चीवरून मंदाकिनीबाई म्हणाल्या, "अहो, अडकले होते मी. मला विचारा ना."

अनंतराव वळले.

"मी एकदा अडकले, चाळीस मिनिटं. तेव्हा श्वास कोंडतो म्हणजे काय ते कळलं. या पोरीला ते रोज कळतंय, आणि ते माझ्या नावाने चाललंय. मला नकोय."

अनंतरावांनी कॅलेंडर पुन्हा हातात घेतलं आणि लाल ठिपके बोटाने मोजले. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "लिहून घ्या. मंगळवारी, अकरा वाजता. बॅटरी मी स्वतः रोज बघेन. बाक आजच हलवा. नळी गच्चीपर्यंत न्यायची. आणि शौनकराव, गुरुवारी आपली बिनधुराची गाडी आपण प्लगला लावू नये." गुरुवारी माझ्यावर फक्त लिफ्ट आणि पंप चालवायचा, हेही ठरलं.

तेव्हापासून मी बराच वेळ गार असतो. कॅलेंडरवरचे ठिपके गेले, असं मात्र म्हणणार नाही. गेल्या महिन्यात चार होते. बाहेर व्हॅन इंजिन चालू ठेवूनच उभ्या राहतात, टँकर जातात, आणि नळी कितीही उंच नेली तरी गुरुवारचा माझा धूर कुठेतरी उतरतोच. पण आधी चोवीस असायचे.

काल व्हॅनकडे जाताना वल्लरीने माझ्या पत्र्याला हात लावून पाहिला आणि आईला म्हणाली, "गार आहे. आज झोपलाय." श्रद्धाने तरीही सवयीने तिच्या पाठीला कान लावला, मग तिला व्हॅनमध्ये बसवलं.

मित्रांनो, घराघरातल्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवत असतील, आम्हाला अडगळीत टाकू नका, वापरा. मी उलटं मागतो. नको असलेला दिवा घालवा. तासभर पंखा बंद राहिला तर राहू द्या. दोन मजले पायांनी चढा. माझ्या पत्र्यावर धूळ साचली, कोळ्यांनी जाळी केली, तरी मला राग येणार नाही. मी दमलो आहे. मला गार राहू द्या.