माळ का लोंबते?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, आता माणसं खिडक्यांत चढून बसली होती. आणि समोर मंचावर अधांतरी बाबा हवेत बसले होते.

खोटं नाही, अगदी हवेत! बुडाखाली ना पाट, ना खुर्ची. मांडी घातलेली, डोळे मिटलेले, अंगात पायघोळ कफनी. उजवा हात तेवढा गालिच्यावर उभ्या असलेल्या काठीवर टेकवलेला. पडदा सरकला आणि शेकडो तोंडांचा आ वासला. मागच्या भिंतीशी शाळेच्या विज्ञानाच्या बाई दातओठ खात उभ्या होत्या.

"ते अंतराळातलं स्टेशन ठाऊक आहे ना?" बाबांनी डोळे किलकिले केले. "तिथं माणसं तरंगतात म्हणून जग टाळ्या पिटतं. अहो, त्यांना रॉकेट लागतं! आम्हाला नुसती इच्छा पुरते. आम्ही पृथ्वीला म्हटलं, ओढू नकोस. नाही ओढत! आणि आजार म्हणजे तरी काय? अंगात साचलेलं वजन. आमचं पाणी प्या, उतरेल. गोळ्या खाल तर वजनात वजन!"

शेवटचं वाक्य बाईंच्या काळजाला झोंबलं. कारण पहिल्याच रांगेत, आईला चिकटून, भिंगरी बसली होती.

भिंगरी सातवीतली. एका जागी पाय ठरत नाही म्हणून हे नाव. बाईंनी वर्गात अंतराळ स्थानक थाटलं होतं. बाकं भिंतीला लावून फरशीवर खडूनं स्थानकाच्या खोल्या आखल्या होत्या. मुलं तिथं जाड हातमोजे घालून नट आवळत, पिशवीतलं पाणी नळीनं पीत, झोपायची पिशवी भिंतीला बांधून उभ्या उभ्या झोपायचा प्रयत्न करत आणि हसून हसून लोळत. कुणी कमांडर, कुणी इंजिनिअर. भिंगरी डॉक्टर. रोज सगळ्यांची नाडी बघायची आणि दटावायची, "इथं शेजारी दवाखाना नाही. औषध चुकवलं तर खाली पाठवून देईन!"

आणि ही डॉक्टरच एक दिवस स्थानकात धाडकन कोसळली. फिट आली होती. आणीबाणीत काय करायचं याचा सराव मुलांनी केला होता, म्हणून त्यांनी बाकं सरकवली, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दप्तर दिलं. शुद्धीवर आल्यावर ती पुटपुटली, "आईनं गोळ्या टाकून दिल्या. बाबांचं पाणी चालू आहे."

ज्या गोळ्यांनी कित्येक वर्षं फिट आली नव्हती, त्या गोळ्या! बाई त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. आई कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "जन्मभर गोळ्या गिळायच्या का हो माझ्या लेकीनं? डॉक्टर म्हणतात, आजार ताब्यात आहे. बाबा म्हणतात, बरा होईल. तुम्हीच सांगा, आई कुणाचं ऐकेल?"

बाईंकडे बोलण्यासारखं खूप होतं, पण या आईसमोर शब्दांचा उपयोग नव्हता. तिनं बाबांना तरंगताना डोळ्यांनी पाहिलं होतं. मग उत्तरही डोळ्यांनाच दाखवायला हवं, असं बाईंनी ठरवलं. संधी मुख्याध्यापकांनीच आणून दिली. त्यांनी मोठ्या हौसेनं शाळेचं सभागृह बाबांना दिलं होतं, आणि बाबांनंतर त्याच मंचावर मुलांचं अंतराळ स्थानक दाखवायचा घाट घातला होता.

"कुणाला काही शंका?" बाबांनी विचारलं. हे ते नेहमीच विचारत. कुणाची काय बिशाद विचारायची!

भिंगरी उभी राहिली. आईनं तिचा फ्रॉक खाली ओढला, तरी ती उभीच.

"बाबा, तुमची माळ का लोंबते?"

"काय म्हणालीस बाळ?"

"स्टेशनवर सगळंच तरंगतं. माणूस, केस, दोरी, पाण्याचा थेंबसुद्धा. ते सगळे एकत्र पृथ्वीभोवती पडतच असतात म्हणून. बाईंनी शिकवलंय. तुम्ही तरंगताय, तर तुमची माळ खाली का लोंबते? आणि दाढी?"

बाबा गोड हसून म्हणाले, "माळेची साधना अजून पुरी व्हायची आहे."

"आणि दाढीची?" खिडकीतून कुणीतरी विचारलं. सभागृहात खसखस पिकली.

बाईंना हेच हवं होतं. त्या तरातरा मंचावर चढल्या. "बाबा, तुम्ही बसा तसेच. आता आमचं स्टेशन!" त्यांनी दुसऱ्या बाजूचा पडदा ओढला.

तिथं कमांडर हवेत बसला होता! डोक्यावर पुठ्ठ्याचं शिरस्त्राण, अंगात ढगळ पांढरा पोशाख, हात झाडूच्या दांड्यावर. सभागृहाचा पुन्हा आ वासला.

"याची साधना काल मधल्या सुट्टीत झाली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पोशाखाची गाठ सोडली.

आत लोखंड होतं. चटईखाली जड पत्रा, पत्र्याला जोडलेली कांब, पोकळ दांड्यातून वर गेलेली. तिथून आडवी सळई बाहीतून शिरून पाठीमागून खाली उतरली होती आणि तिच्या टोकाला छोटी बैठक. बैठकीवर कमांडर पाय हलवत मजेत बसला होता.

"बाबा, काठी सोडा," बाई म्हणाल्या. "क्षणभरच."

"समाधी भंगेल! शाप लागेल!" मंचाशी उभे असलेले बाबांचे शिष्य ओरडले.

"लागू द्या मला."

मुख्याध्यापक धावत आले. "बाई, आवरा! लोकांच्या भावना दुखावतायत!"

"माझ्याही दुखावल्यात, सर. माझी पोर वर्गात तडफडत होती त्या दिवशी. तेव्हा कुणी आवरलं नाही या बाबांना!"

शिष्यांनी बाईंची वाट अडवली. पण भिंगरीची आई उठली तेव्हा ते बाजूला झाले. पहिल्या रांगेतली भक्त, पायाच पडणार, असं त्यांना वाटलं. ती वाकली. गालिच्याचा कोपरा तिनं दोन्ही हातांनी धरला आणि सरकन उलटला.

खाली तोच पत्रा होता, फक्त मोठा.

तिनं बाबांच्या बुडाखाली बोटांनी वाजवून पाहिलं. टण्!

सभागृहात गलका उसळला. बाबांना पळायचं होतं, पण कंबरेचा पट्टा बैठकीला आवळलेला. तो सोडायला शिष्य जागेवर नव्हते, ते केव्हाच पसार झाले होते. पट्टा सुटेपर्यंत बाबा पहिल्यांदाच खरेखुरे अधांतरी होते.

भिंगरीच्या आईला मात्र हसू आलं नाही. "मीच फेकल्या हो गोळ्या. माझ्या हातानं फेकल्या."

"फेकायला यांनी लावल्या," बाई म्हणाल्या. "चला, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ."

"जन्मभर घ्याव्या लागतील?"

"मला माहीत नाही. डॉक्टरांनाही आज सांगता येईलच असं नाही. पण जे माहीत नाही ते माहीत नाही, असं तरी ते म्हणतील."

आईनं पदरानं डोळे पुसले. भिंगरीनं तिचं मनगट धरून सवयीनं नाडी पाहिली आणि म्हणाली, "जोरात चाललीये. पण चालेल."

निघताना बाई गर्दीकडे वळल्या. अजून काही हात जोडलेलेच होते. "ऐका! लेकराच्या काळजीनं माणूस वेडापिसा होतो, यात लाज कसली? लाज त्या काळजीवर दुकान मांडणाऱ्याला वाटली पाहिजे. उद्या दुसरा येईल, तो पाण्यावर चालेल, आगीत बसेल. त्याला प्रश्न विचारा. चिडला तर आणखी विचारा. आणि हात जोडायचेच असतील तर जोडा, पण आधी त्याच हातांनी गालिचा उचला!"