पहिला धूर

"माझं शेत नांगरल्याशिवाय हा ट्रॅक्टर इथून हलणार नाही," असं म्हणत लंबू ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला पाय लावून उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्याने इंजिनही बंद केलं नाही.

"अरे बाबा, आधी कुंभाराचं, मग तुझं. काल सगळ्यांसमोर ठरलंय."

"कुंभाराचं ते शेत आहे की अंगण? उरकेल मागून कधीही."

"मग हे त्याला जाऊन सांग. माझ्या चाकाने काय घोडं मारलंय तुझं?"

गव्हाची कापणी संपली होती. रानात धसकटं उभी होती आणि जमिनीत थोडीशी ओल उरली होती. ती उडून जायच्या आत पुढचं पेरायला हवं होतं. दरवर्षी लोक धसकटं पेटवून द्यायचे आणि अर्ध्या दिवसात रान मोकळं व्हायचं. यंदा गावाने नियम केला होता, की धसकटं कोणी जाळायची नाहीत, नांगरून मातीत गाडायची. ट्रॅक्टर मात्र गावात एकच होता.

हा नियम झाला तो शिंपिणीमुळे. तिचा नवरा जन्मभर मळणी यंत्रावर राबलेला. भुसा आणि धूळ छातीत जाऊन बसली ती कायमची. गेल्या वर्षी रानं पेटली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. पुन्हा असा धूर त्याला सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याला हलवावं तर दुसरं घर नव्हतं.

शिंपीण शिवलेले कपडे पोचवायला निघाली की प्रत्येक दारात हा विषय काढायची. उत्तर ठरलेलं असायचं. "मला का धूर गोड लागतो, बाई? मी नाहीच जाळणार. पण बाकीचे ऐकायला हवेत ना!" लंबू हे बोलताना कुंभाराच्या घराकडे बोट दाखवायचा. कुंभाराचं बोट लंबूच्या घराकडे असायचं.

मग तिने विचारायची पद्धत बदलली. दारात उभं राहून ती सरळ सांगायची, "सगळे हो म्हणालेत, काका. तुमचाच शब्द राहिलाय."

हे खोटं होतं. पण ते ऐकलं की समोरचा माणूस लगेच हो म्हणायचा. आपण एकटेच आडवे आलो असं व्हायला कोणालाच नको होतं. शेवटच्या दारात ती पोचली तेव्हा तिचं बोलणं खरं झालेलं होतं.

"तू सगळ्यांना एकमेकांना बांधून आलीस," नवरा म्हणाला. "पण टाका कच्चा आहे."

"असू दे कच्चा. एवढा हंगाम निघाला की झालं."

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. या गावात कोणालाही एकट्याने रान पेटवता येत नसे. एकाने आग लावली की शेजाऱ्याने ओली पोती घेऊन बांधावर उभं राहायचं आणि अलीकडे आलेल्या ज्वाळा बडवायच्या. वारा सुटला तर पोती पुरत नसत. म्हणून शेजाऱ्याचं पेटतंय असं दिसलं की लोक आपलंही पेटवून मोकळे होत. ठिणगीने भलत्या बाजूने पेटण्यापेक्षा आपल्या हाताने पेटवलेलं बरं, असा हिशोब होता.

ट्रॅक्टर दोनदा बिघडला. ओल कमी होत गेली. लोक सकाळी रानात जाऊन नुसते बांधावर उभे राहू लागले. हातात काम नव्हतं, नजर दुसऱ्याच्या रानावर होती.

अशाच एका सकाळी रस्त्याच्या बाजूला धूर उठला.

"पेटलं रे!"

"कोणाचं?"

"कोणाचं का असेना! पेटलं ना?"

शिंपीण रस्त्याकडूनच धावत आली. तिला धाप लागली होती. "रान नाही हो, डांबर आहे ते! रस्तेवाल्यांचं पिंप तापतंय. मी तिथूनच आले. रंग बघा ना त्याचा!"

धूर काळाकुट्ट होता. गव्हाच्या काडाचा धूर पांढरट निघतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. लंबूने धुराकडे पाहिलं. तिच्याकडे पाहायचं टाळलं. त्याने पोती पाटात बुडवली होती.

"असेल डांबर, वहिनी. पण कुंभाराने धूर बघितलाय ना! तो आता थांबतोय होय?"

ती कुंभाराकडे पळाली. तो म्हणाला, "लंबू पोती भिजवतोय, ते दिसतंय मला. कशाला भिजवतोय तो? आंघोळ घालायला?"

"दादा, तुम्ही पेटवाल या भीतीने भिजवतोय तो!"

"मग त्याला म्हणावं, आधी पोती खाली ठेव."

ती पुन्हा लंबूकडे वळली. अर्ध्या वाटेवर असताना तिसऱ्याच बांधापलीकडे धूर दिसला. हा पांढरा होता. त्यानंतर कोणी कोणाला काही विचारलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानेही नांगर अर्ध्यातच सोडला आणि जाऊन स्वतःचं रान पेटवलं.

शिंपिणीने खिडक्यांना ओली लुगडी लावली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. धूर तरी आत आलाच. दुपारी लंबू आणि कुंभार दोघेही आले. हात काजळलेले, डोळे लाल. त्यांनीच तिच्या नवऱ्याची खाट उचलून गाडीत ठेवली.

"सावकाश रे, त्यांचा पाय आपटेल," कुंभार म्हणाला.

गाडीत तो बायकोला विचारत होता, "पहिलं कोणी पेटवलं?" श्वास घेऊन पुन्हा तेच. तिला एकही नाव सांगता येईना. दवाखाना दिसू लागला तेव्हा त्याचं विचारणं थांबलं होतं.

काही दिवस उलटल्यावर शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. गावच्या पुढाऱ्याला हुंदका आला, तो खोटा नव्हता. "आपला माणूस गेला. पुढच्या वर्षी एकही काडी जळता कामा नये. नियम आणखी कडक करू. कोण कोण बाजूने?"

सगळे हात वर गेले. लंबूचा तर सगळ्यांच्या वर.

"विरोधात कोणी नाही ना?"

शिंपिणीने हात वर केला.

माणसं वळून पाहू लागली. "वहिनी, अहो, हे तुमच्याच माणसासाठी चाललंय," पुढारी हळू आवाजात म्हणाला.

"कळतंय मला," ती म्हणाली. "गेल्या वेळीही सगळे होच म्हणाले होते." हात तसाच होता.

"बिचारी भानावर नाही अजून," मागून कोणीतरी कुजबुजलं. दोघी बायका तिला धरून बाहेर घेऊन गेल्या. पुढाऱ्याने घसा खाकरला आणि नियम एकमताने मंजूर झाल्याचं सांगितलं.