साक्षीदार बशी

धूळ तपासायची असली की ताई दोन बश्या घ्यायच्या. झाकणाच्या, काचेच्या, तळाशी जंतूंना आवडणारं खाणं थापलेलं. एकीत धूळ पेरायची, दुसरीत काहीच नाही. दोन्ही शेजारी शेजारी, सारखाच वेळ उघड्या ठेवायच्या, मग सारख्याच उबेत. रिकाम्या बशीत काही उगवलं तर समजायचं, ते धुळीतलं नव्हे, आपल्यातल्याच कुणाचं तरी. ताई तिला साक्षीदार म्हणत. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाला तीस वर्षं त्यांनी पहिला धडा हाच दिला होता.

या वेळची धूळ एका लघुग्रहावरची होती. यानाला ती घेऊन यायला बारा वर्षं लागली होती. इथे आल्या दोनच कुप्या, आणि कुपी उघडायला प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या साहेबांची आणि ताईंची, दोघांची सही लागे.

सोमवारी पहिली उघडली. साहेबांना सर्दी झाली होती.

"आज राहू दे ना साहेब. धूळ काय पळून जातेय?"

"फोटोवाला आलाय, ताई!"

आणि त्या निर्जंतुक खोलीत, उघड्या बशीवर वाकून, साहेबांनी डोक्यावरची टोपी आणि तोंडावरचा पडदा काढला. चेहरा दिसायला नको का? फोटोवाला काचेपलीकडून हसा म्हणाला. साहेब हसले, शिंकले, हातमोज्याने नाक पुसलं आणि त्याच हाताने बशी उचलून पुन्हा हसले.

साहेब गेल्यावर ताईंनी कचऱ्यातून तो हातमोजा चिमट्याने उचलला. बोटांवर शेंबूड वाळून पापुद्रा धरला होता. श्वास रोखून त्यांनी तो तिसऱ्या बशीत टेकवला.

गुरुवारी साहेब नाचतच आले. "उगवलं! ताई, पिवळे ठिपके! उद्या पत्रकार येतायत. त्यांच्यासमोर दुसरी कुपी उघडू. करा सही."

"साक्षीदार बघितली?"

"ती कशाला बघायची? रिकामी तर आहे."

ताईंनी तीन बश्या टेबलावर ओळीने मांडल्या. धुळीची, रिकामी, हातमोज्याची. तिन्हींत तेच पिवळे, ओलसर, चकचकीत ठिपके. झाकणं काढली. घामट पायमोज्यांचा आंबूस दर्प खोलीभर पसरला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"लावू नका," ताई म्हणाल्या. "घरचाच वास आहे. हा जीव तुमच्या नाकात राहतो."

साहेबांचे कान लाल झाले. मग आवाज खाली आला. "हे बघा, बश्या फेकून देऊ. कुणाला कळतंय? दुसऱ्या कुपीत खरंच काही असेल."

"असेल ना. म्हणूनच तर."

"एका सहीने काय बिघडतं, ताई?"

ताईंना वाटलं, हा माणूस पुन्हा शिंकला तरी बरं, पण बोलू नये. शिंक निदान आवरत नाही.

"बारा वर्षं ती धूळ अंधारातून येत होती," त्या म्हणाल्या. "तिला एकच प्रश्न विचारायचा होता, तुझ्यात जीव आहे का. तुम्ही तिच्या तोंडावर शिंकलात. आता ती काहीही बोलली तरी आवाज तुमचाच येणार."

त्यांनी दुसरी कुपी तिजोरीत सरकवली. तिच्या कागदावर, सहीच्या जागी, सावकाश, पाटीवर लिहावं तशा मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हे साहेब असेपर्यंत नाही.' पहिल्या कुपीपुढे लिहिलं: 'वाया गेली.'

"माझी तक्रार कराल?" साहेबांनी नाक ओढत विचारलं.

"तिन्ही बश्या वर पाठवतेय. त्याच सांगतील."

मग ताई नळाशी गेल्या. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मागे साहेब शिंकले. ताईंनी तिसऱ्यांदा साबण उचलला.